दुधातलं पाणी : प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४

६ नोव्हेंबर २०२३

३१ ऑक्टोबरला सरकारनं राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमचा तालुका त्यात आहे. दिवाळी अजून आठवड्यावर आहे आणि डेअरीच्या आवारातल्या सहा बोअरपैकी दोघींनी आत्ताच दम टाकलाय. आज संचालकांची बैठक झाली. प्रश्न एकच होता, मे महिन्यात डेअरी चालेल का? मी सांगितलं, आज वापरतो तेवढंच पाणी वापरत राहिलो तर चालणार नाही. काम माझ्याकडं आलं.

पहिली अडचण अशी की आख्ख्या प्लांटला मीटर एकच, मुख्य टाकीवर. रोज सरासरी २ लाख ५ हजार लिटर दूध येतं आणि ४ लाख ३० हजार लिटर पाणी लागतं. म्हणजे लिटर दुधामागे २.१ लिटर पाणी. ते कुठं कुठं जातं याचे मात्र नुसते अंदाज. प्रॉडक्शनवाले म्हणतात बॉयलर पितो, बॉयलरवाले म्हणतात सीआयपी, म्हणजे टाक्या-पाइप न उघडता आतून धुणारी यंत्रणा, पिते. ठरवलं की आधी मीटर बसवायचे, मगच पाइपला हात लावायचा. एका संचालकांना यात वेळ जाईल असं वाटलं. जाईल, पण न मोजता खर्च केलेला पैसा त्याहून लवकर जातो.

२२ नोव्हेंबर

सात दिवसांचे आकडे हातात आले. दिवसाची सरासरी अशी : सीआयपी १ लाख २२ हजार लिटर. दोन्ही कूलिंग टॉवर (प्लांटमधलं फिरतं पाणी गार करणारे) मिळून ९६ हजार. टँकर धुणं आणि फरशीचे होज ५८ हजार. क्रेट वॉशर ४१ हजार, बॉयलर ३८ हजार, इव्हॅपोरेटरच्या (दूध आटवायच्या यंत्राच्या) व्हॅक्यूम पंपाचं सीलिंग २९ हजार, कॅन्टीन-संडास-बाग १८ हजार. बॉयलरचे मामा कागद बघून म्हणाले, "बघा सायेब, उगं आमच्या नावानं बोंब होती."

बेरीज ४ लाख २ हजार होते. उरलेले २८ हजार लिटर कुठल्याच मीटरवर नाहीत.

२४ नोव्हेंबर, रात्री

२८ हजार सापडले. रात्री अडीचला क्रेट वॉशर बंद होता, टँकर आले नव्हते, प्लांट जरा शांत होता. सॉफ्ट वॉटरच्या टाकीमागून बारीक खळखळ ऐकू आली. दिवसा कंप्रेसरच्या आवाजात ती ऐकू येणं शक्यच नव्हतं. बॅटरी मारून बघितलं तर ओव्हरफ्लोचा पाइप भिंतीला लागून खाली उतरतो आणि थेट पावसाळी गटारात शिरतो. रात्री वापर कमी, बोअरचे पंप चालू, आणि टाकीतला फ्लोट व्हॉल्व्ह अर्ध्यावर अडकलेला. साडेचारशे रुपयांचा व्हॉल्व्ह. गटाराच्या त्या कडेला शेवाळ इतकं जाड होतं की पाणी किमान वर्षभर तरी वाहत असावं.

सकाळी व्हॉल्व्ह बदलला. ओव्हरफ्लोचा पाइप वळवून ऑपरेटरच्या टेबलासमोर उघडा सोडला. आता वाहिलं तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाहील.

३० नोव्हेंबर

व्हॅक्यूम पंपाचं काम झालं. या पंपाला सीलिंगसाठी सतत थंड पाणी लागतं. आमच्याकडं ते एकदा पंपातून गेलं की थेट ड्रेनमध्ये पडत होतं. मिनिटाला २४ लिटर स्वच्छ पाणी, फक्त कोमट झालेलं. छोटी टाकी आणि प्लेट हीट एक्स्चेंजर लावून तेच पाणी फिरवलं. २९ हजारांवरून ३ हजारांवर आलो. यात शोध काही नाही, प्लांट उभा राहिला तेव्हाच हे करायला हवं होतं.

९ डिसेंबर

आता खऱ्या विषयाला हात घातला.

पुष्टकाळ सुरू आहे. बाजारात दूध जास्त, दर पडलेले, म्हणून पावडर प्लांट दिवसाला २० तास चालतोय. रोज साधारण १ लाख किलो स्किम (मलई काढलेलं) दूध इव्हॅपोरेटरवर जातं. स्किममध्ये घन पदार्थ ९ टक्के, म्हणजे ९ हजार किलो. ते ४५ टक्क्यांपर्यंत आटवलं की २० हजार किलो उरतं. म्हणजे ८० हजार किलो पाणी वाफ होऊन निघतं आणि थंड होऊन पुन्हा पाणी होतं. पुढं स्प्रे ड्रायरमध्ये आणखी साडेदहा हजार किलो उडतं, पण ते गरम हवेबरोबर धुराड्यातून जातं. त्याचा नाद सोडला.

डेअरीच्या भाषेत याला काऊ वॉटर म्हणतात. आमच्याकडं पहिल्या इफेक्टचं (इव्हॅपोरेटरच्या टप्प्याचं) कंडेन्सेट, म्हणजे गार झालेल्या वाफेचं पाणी, आधीपासून बॉयलरला जातं. बाकीच्या तीन इफेक्टचं आणि कंडेन्सरचं गटारात जातं. आज त्याच्यावर मीटर लावला, दिवसाचे ६८ हजार लिटर भरले.

हा आकडा बघून मला बराच वेळ काही सुचेना. दुभती संकरित गाय दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी पिते. गावागावांत बाया-माणसं कुठून कुठून ते आणून गव्हाणीशी ठेवतात. त्या पाण्याचं दूध होतं, दूध आम्ही टँकरनं चाळीस-पन्नास किलोमीटरवरून आणतो, ब्रिकेट जाळून त्यातलं पाणी बाहेर काढतो आणि गटारात सोडतो. मग जमिनीखालून पाचशे फुटांवरचं खारं पाणी उपसतो.

तिसऱ्या इफेक्टच्या पंपाचा ड्रेन उघडून स्टीलच्या बादलीत पाणी घेतलं. ५४ अंश तापमान. बादलीच्या बुडाचा पोचा स्वच्छ दिसत होता. वास येतो, पण हलका, दूध तापवून झाकण उघडल्यावर येतो तसा. लॅबचा रिपोर्ट : पीएच ६.२, कंडक्टिव्हिटी (क्षारांचा अंदाज देणारं माप) २२ मायक्रोसिमेन, हार्डनेस नाही म्हणण्याइतकी, टर्बिडिटी (गढूळपणा) ०.६, सीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) ३४ मिलिग्रॅम. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) १,१५० आणि हार्डनेस ५२० आहे.

२० डिसेंबर

हे पाणी कुठं वापरायचं यावर क्वालिटीच्या मॅडमशी दोन तास चर्चा झाली. चर्चा म्हणजे भांडणच म्हणा, पण कामाचं.

मी उत्साहात होतो. मेक्सिकोत हालिस्को राज्यात लागोस दे मोरेनोला नेस्लेचा पावडरीचा कारखाना आहे. २०१४ पासून तो दुधातून निघणारं पाणी शुद्ध करून वापरतो आणि जमिनीतलं पाणी उपसत नाही. मी म्हणालो, आपणही करू. मॅडमनी शांतपणे विचारलं, "सीओडी किती आला?" ३४. "अमेरिकेतल्या दुधाच्या नियमावलीत हे पाणी पिण्याच्या पाण्याच्या बरोबरीनं वापरायचं तर सीओडी १२ च्या खाली किंवा टर्बिडिटी ५ च्या खाली पाहिजे, आणि प्लेट काउंट, म्हणजे जंतूंची मोजणी, मिलिलिटरला ५०० च्या वर नको. टर्बिडिटीत बसतोय म्हणून तुम्ही खूश व्हाल, पण जे डोळ्याला दिसत नाही त्याचं काय? इफेक्टमधून वाफेबरोबर निघणारे हलके सेंद्रिय पदार्थ पाणी गढूळ करत नाहीत." आणि आपल्याकडं अन्नाशी संबंध येणारं पाणी पिण्यायोग्य, म्हणजे आयएस १०५०० या भारतीय मानकात बसणारं हवं, हे वेगळं सांगायची गरजच नव्हती.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेनं २०२३ मध्ये अन्न उत्पादनात पाणी वापरण्या-पुनर्वापरण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यातला मुद्दा मला फार पटला : प्रत्येक कामाला सारखंच पाणी लागत नाही, ज्या कामाला जसं लागतं तसं द्यावं, आणि धोका कुठं आहे ते बघून ठरवावं. त्यामुळं आम्ही प्लांटमधल्या एकेका नळापुढं जाऊन विचारलं, हे पाणी शेवटी कशाला लागतं?

बॉयलर आणि कूलिंग टॉवर, एवढंच ठरत होतं. तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "पनीरच्या व्हॅटमध्ये, दुधाच्या टाकीत, वाफ थेट सोडता ना?" सोडतो. म्हणजे बॉयलरचं पाणी पनीरपर्यंत पोचतं! अमेरिकन नियमावलीतही अन्नात जाणाऱ्या वाफेसाठीचं पाणी आणि नुसत्या तापवणीच्या वाफेसाठीचं पाणी असे वेगळे वर्ग आहेत. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पनीरचे दोन्ही व्हॅट जॅकेटवर घ्यायचे, म्हणजे वाफ दुधात न सोडता बाहेरच्या कवचात फिरवायची, आणि ते होईपर्यंत बॉयलरला हे कंडेन्सेट द्यायचं नाही, असं लिहून सह्या केल्या.

६ जानेवारी २०२४

पाइपलाइन सुरू. स्टेनलेस स्टील (एसएस ३०४), सगळीकडं उतार, पाणी साचेल असा एकही कोपरा ठेवायचा नाही. फिटरला दोन ठिकाणी टी-जॉइंट काढून परत करायला लावले, कारण बंद टोक हातभर लांब राहत होतं. तो वैतागला. रंग जांभळा दिलाय आणि या लाइनचं पिण्याच्या लाइनशी कुठंही जोड नाही. व्हॉल्व्ह लावूनही नाही. मधे व्हॉल्व्ह असला की कुणीतरी एक दिवस तो उघडतो.

साठवणीला जुना दुधाचा सायलो वापरायचं मी ठरवलंय. ६० हजार लिटरचा, स्टीलचा, वरून इन्सुलेशन. पडून होता, नवीन टाकीचे पैसे वाचले.

२२ जानेवारी

पनीरचे व्हॅट जॅकेटवर आले. सकाळी साडेदहाला कंडेन्सेट बॉयलरच्या फीड टँकमध्ये सोडलं. ३० हजार लिटर बॉयलरला, ३८ हजार कूलिंग टॉवरला.

बॉयलरच्या फीडचं तापमान ६२ वरून ७० वर आलं. फीड ६ अंशांनी चढलं की इंधन १ टक्का वाचतं असा हिशेब धरतात. त्यानं आमचे दिवसाला अडीचशे किलो ब्रिकेट वाचतात. मामा फावडं कमी मारावं लागतं म्हणून खूश.

मोठी बचत कूलिंग टॉवरवर झाली, आणि त्यामागचा हिशेब लिहून ठेवतो. टॉवरमधून दिवसाला ४८ हजार लिटर पाणी हवेत उडतं, ते उडणारच. पण उडताना क्षार मागं राहतात. बोअरच्या पाण्यावर आम्हाला क्षार दुप्पट झाले की पाणी काढून टाकावं लागायचं, नाहीतर ट्यूबवर खार बसतो. दुपटीवर चालवायचं म्हणजे जेवढं उडतं तेवढंच फेकायचं. ४८ उडाले, ४८ फेकले, एकूण ९६. आता ३८ हजार कंडेन्सेट आणि २२ हजार बोअर असं मिश्रण जातं. येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ४२० च्या आसपास. क्षार पाचपट होईपर्यंत चालवलं तरी टॉवरमध्ये २,१०० च्या पुढं जात नाही, आणि फेकावं लागतं फक्त १२ हजार. ३८ हजार लिटर दिलं आणि ७४ हजार लिटर बोअर वाचली. चांगल्या पाण्याची किंमत मला या आकड्यानं कळली.

५ फेब्रुवारी

सोमवार. सकाळी गेटमधून आत आलो तेव्हा ईटीपीवरचा (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटवरचा) दादा वाट बघत उभा होता. "सायेब, टॉवर वास मारतोय."

टॉवरखालच्या हौदाजवळ गेलो. ओल्या गोणपाटाचा आणि आंबलेल्या ताकाचा एकत्र वास. हौदाच्या भिंतीवर बोट फिरवलं तर बोटाला बुळबुळीत पांढुरका थर आला. तसाच सायलोवर गेलो. सॅम्पल कॉकमधून पाणी काढलं, पाणी स्वच्छ, वास तोच. कॉकच्या तोंडातून शेवयासारखी एक बारीक चिकट तार लोंबत होती.

मॅडमनी प्लेट लावल्या. संध्याकाळपर्यंत निकाल यायचा नव्हता, पण काय येणार ते मला कळून चुकलं होतं. शनिवारी दुपारी ड्रायर सफाईसाठी बंद केला, इव्हॅपोरेटर थांबला. सायलोत ४१ हजार लिटर पाणी उरलं, ४२ अंशांवर. त्यात क्लोरीन शून्य. सीओडी ३४, म्हणजे जंतूंना खायला थोडं का होईना आहेच. आणि इन्सुलेशन. सायलो दूध गार ठेवायला बांधलेला, तो कोमट पाणी तितक्याच इमानानं कोमट ठेवतो. चाळीस तासांनी सुद्धा पाणी ३८ अंशांवर होतं. दही लावायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

चूक माझी आहे. जुना सायलो वापरायचा हट्ट माझा, नवीन टाकीचे पैसे वाचवण्याचा विचार माझा. "बंद असताना या पाण्याचं काय करायचं" हा प्रश्न ६ जानेवारीच्या नोंदीत कुठंच नाही. इतक्या काळजीनं पाइपमधले कोपरे काढले आणि सगळ्यात मोठा कोपरा स्वतः बसवला.

सायलो रिकामा केला. टॉवर पूर्ण उपसून धुतला, बायोसाइड (जंतुनाशक) दिलं. ज्या पाण्यासाठी तीन महिने धावलो त्यातलं लाखभर लिटर एका दिवसात गेलं. दूध किंवा दुधाला लागणारी एकही वस्तू या पाण्याच्या वाटेत नव्हती, हा एकच दिलासा. मॅडमनी २० डिसेंबरला हात आडवा घातला नसता तर आज काय झालं असतं, हा विचार दिवसभर गेला नाही.

६ फेब्रुवारी

प्लेटवरच्या वसाहती मोजता येत नाहीत इतक्या. रिपोर्टवर मॅडमनी तेवढंच लिहिलंय.

१७ फेब्रुवारी

नवी व्यवस्था चालू झाली. १० हजार लिटरची स्टीलची टाकी, इन्सुलेशन नाही. पाणी त्यात तीन तासांहून जास्त थांबतच नाही. टॉवरकडं जाणारं पाणी आधी हीट एक्स्चेंजरमधून जातं आणि सीआयपीच्या ताज्या पाण्याला आपली उष्णता देतं. मधे पक्की प्लेट आहे, पाणी पाण्याला शिवत नाही. मग जंतू मारायला क्लोरीन डायऑक्साइडचा डोस. इव्हॅपोरेटर थांबला की टाकी अर्ध्या तासात रिकामी करायची. इव्हॅपोरेटरची कॉस्टिक सोड्यानं सफाई होते तेव्हा ही टाकी आणि लाइन पण त्याच फेरीत धुतली जाते.

आठवडाभराचे प्लेट काउंट ४० ते १६० च्या मधे.

२ मार्च

रात्री ११ वाजून १० मिनिटांनी कंडेन्सेटची कंडक्टिव्हिटी २४ वरून १४० वर उडाली. व्हॅक्यूमला झटका बसला होता, दूध फेसाळून सेपरेटरमधून वाफेबरोबर पुढं आलं. दुधात क्षार असतात, त्यामुळं पाण्यात दूध शिरलं की मीटरला लगेच कळतं. ४० ला लावलेला डायव्हर्ट व्हॉल्व्ह आपोआप वळला आणि पाणी ईटीपीकडं गेलं. बॉयलरला एक लिटरही गेलं नाही. १९ मिनिटांनी कंडक्टिव्हिटी खाली आली, तरी व्हॉल्व्ह आपोआप परत फिरत नाही. ऑपरेटरनं सॅम्पल बघून चावी फिरवायची, हा नियम मुद्दाम ठेवलाय.

रात्रपाळीच्या पोरानं चावी फिरवली नाही, लॅबची वाट बघितली. सकाळी त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

९ मार्च

प्लांटचा वापर दिवसाला २ लाख ७० हजारांच्या आसपास आलाय. दुधामागे १.३. संचालकांनी बैठकीत टाळ्या वाजवल्या. त्याच दिवशी ईटीपीचा दादा आणि शेजारचे अण्णा, दोघं एकामागोमाग आले आणि दोघांचं म्हणणं खरं होतं.

दादा म्हणाला, "पाणी कमी झालं सायेब, घाण तेवढीच हाय." बरोबर. आधी ईटीपीला रोज ३ लाख ३० हजार लिटर यायचं, सीओडी २,१००. आता २ लाख १० हजार येतं, सीओडी ३,२००. किलोत मांडलं तर भार जवळजवळ तोच. आम्ही गटारातून काढून घेतलं ते स्वच्छ पाणी, म्हणजे घाण पातळ करणारं पाणी. केंद्राच्या नियमात डेअरीला १,००० लिटर दुधामागे ३,००० लिटर सांडपाण्याची मुभा आहे. आम्ही त्याच्या कितीतरी खाली आहोत, पण बीओडीची (जंतू खाऊ शकतील अशा घाणीच्या मापाची) १०० ची मर्यादा पाणी कमी झालं म्हणून वाढत नाही. शिवाय बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस १,६५० वरून २,२५० झालाय आणि प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात २,१०० लिहिलंय.

अण्णा आमच्या कुंपणाला लागून चार एकर हत्ती गवत करतात, आमच्या ईटीपीच्या पाण्यावर. चौदा जनावरं आहेत. ते ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुमी पाणी वाचिवलं आसं पेपरात आलं. आमचं बंद झालं ते कुणाच्या पेपरात येनार?" त्यांच्या पायांवरचा धुरळा घोट्यापर्यंत होता. पाइपमधून आधी दिवसभर यायचं ते आता दुपारपर्यंत येतं, आणि गवताची टोकं करपायला लागलीत. आम्ही वाचवलेल्या पाण्यातलं काही पाणी गटारात वाया जात नव्हतं, ते अण्णांच्या गवतात जात होतं आणि त्या गवताचं दूध सकाळी आमच्याच काट्यावर येत होतं. हे मी कुठल्याच तक्त्यात धरलं नव्हतं.

आज तरी उत्तर नाही. अण्णांना तसंच सांगितलं.

१६ मार्च

मिठाचा माग काढला. सॉफ्टनर म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र; त्याच्या रिजनरेशनला (ते पुन्हा ताजं करायला) लागणारं मीठ शेवटी ईटीपीतूनच बाहेर पडतं, आणि अण्णांच्या जमिनीत सोडियम जातं ते तिथूनच. बॉयलरला आता बरंचसं कंडेन्सेट जातं, म्हणजे सॉफ्ट पाणी कमी लागतं, तरी ऑपरेटर सवयीनं रोज रिजनरेशन करत होता. ते किती पाणी गेलं त्यावर लावलं, आता तीन दिवसांतून एकदा होतं. खारं पाणी ईटीपीत न सोडता वेगळ्या उथळ पॅनमध्ये उन्हात सुकवायचं. टीडीएस आठवड्यात १,९०० च्या खाली आला.

४ एप्रिल

दूध १ लाख ४५ हजारांवर आलं. काल रात्री पावडर प्लांट बंद केला. कंडेन्सेटचा मीटर आज शून्य.

हे होणार हे नोव्हेंबरात माहीत होतं, तरी शून्य बघून वाईट वाटलं. पुष्टकाळात दूध जास्त म्हणून दुधातलं पाणी जास्त, तेव्हा बोअर पण बऱ्यापैकी चालतात. कृशकाळात ऊन तापतं, बोअर आटतात, आणि नेमकं तेव्हाच हे पाणी नसतं. हिवाळ्याचं पाणी उन्हाळ्यापर्यंत साठवता येत नाही, ५ फेब्रुवारीला त्याचा धडा मिळालाय. वाचलं ते एवढंच की हिवाळाभर रोज लाखभर लिटर बोअरमधून कमी उपसलं. त्या बोअर आज किती दम धरतील ते मेमध्ये दिसेल.

वापर २ लाख ४७ हजार, दुधामागे १.७. पुन्हा चढला. आता नवीन पाणी शोधायचं नाही, वापरातलंच कमी करायचं.

२० एप्रिल

पंधरा दिवस सीआयपीच्या मागं आहे. मला वाटतं सगळ्या प्रकल्पात मन लावून झालेलं काम हेच.

टँकर रिकामा झाला की लगेच होज लावायची सवय. आत आठ-दहा लिटर दूध चिकटलेलं असतं. एक लिटर दूध म्हणजे साधारण १०० ग्रॅम बीओडी. टँकर उतारावर दोन मिनिटं उभा ठेवला की यातलं बरंच दूध स्वतःच्या पायानं खाली येतं, दूधही मिळतं. मग सलग पाणी सोडण्याऐवजी २० सेकंदांचे तीन मारे, मधे निथळायला वेळ. सलग सोडलं की तळाशी पाणी साचतं आणि घाण त्यात तरंगत राहते. मारा दिला की भिंत सोलल्यासारखी साफ होते.

सायलोच्या सीआयपीत कॉस्टिकनंतरचं रिन्स (साध्या पाण्यानं धुणं) ७ मिनिटं लावलेलं होतं. कुणी लावलं, का लावलं, कुणाला आठवत नाही. रिटर्न लाइनवर कंडक्टिव्हिटी बघितली तर ३ मिनिटं ४० सेकंदांत पाणी स्वच्छ होतं. पुढची तीन मिनिटं स्वच्छ पाणी स्वच्छ टाकीतून गटारात जात होतं. आता वेळेवर नाही, कंडक्टिव्हिटीवर थांबतं. कॉस्टिक आणि ॲसिडच्या वेळेला, तापमानाला, टक्क्यांना हात लावलेला नाही. तिथं कपात मागायला कुणी आलं तर मी नाही म्हणणार.

शेवटच्या रिन्सचं पाणी रिकव्हरी टाकीत घेऊन पुढच्या सफाईच्या पहिल्या रिन्सला वापरतो, आणि आठ तासांत वापरलं नाही तर सोडून देतो. मॅडम रोज सहा ठिकाणचे स्वॅब घेतात. बदलाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी लावलेत, फरक नाही. क्रेट वॉशरला पण हेच, शेवटच्या टप्प्याचं पाणी मागं मागं पहिल्या टप्प्याला.

२७ मे

उजनी धरणाचा उपयुक्त साठा वजा ५० टक्क्यांच्या खाली गेलाय. रस्त्यानं येताना उघडी पडलेली जुनी देवळं, घरांची जोती दिसतात. सहापैकी तीन बोअर चालू, त्यातली एक अधूनमधून. आजपर्यंत एकही टँकर विकत घेतला नाही.

वापर १ लाख ९६ हजार, दुधामागे १.३५. सीआयपी ९५ हजारांवरून ६२ वर, क्रेट वॉशर ३६ वरून २२ वर. होजच्या तोंडाला पिस्तुल लावल्याचे चारेक हजार. कंडेन्सेटशिवाय.

आज बैठकीत ईटीपीच्या पाण्यावर आरओ लावून ते सगळं परत टॉवरला घ्यायचा प्रस्ताव आला. तंत्राच्या बाजूनं होण्यासारखं आहे. मी विरोध केला. पहिलं कारण, आरओतून उरणारं खारं पाणी ठेवायला जागा नाही, आणि ते अण्णांच्या रानात सोडणं म्हणजे जमीन मारणं. दुसरं कारण, ते पाणी आता आमचं एकट्याचं राहिलेलं नाही. पाऊस पडेपर्यंत रोज ६० हजार लिटर, टीडीएस २,००० च्या आत, अण्णांना आणि त्यांच्या पलीकडच्या दोन गोठ्यांना द्यायचं, असं ठराव वहीत लिहून घेतलं. तिकडच्या पाइपलाही मीटर बसवला, म्हणजे आमच्या माणसाला कमी सोडायची मुभा नाही. संचालकांपैकी दोघं नाराज आहेत.

१३ जून

पाच दिवसांत तीनदा चांगला पाऊस झाला. बोअर क्रमांक चारचं पाणी तीस फूट वर आलं.

पुढच्या पुष्टकाळाआधीची कामं : कंडेन्सेटला कार्बन फिल्टर आणि छोटा आरओ लावून सीओडी १२ च्या खाली येतो का ते दोन महिने नुसतं तपासायचं, वापरायचं नाही. डायव्हर्ट व्हॉल्व्हचं सील दर तीन महिन्यांनी बदलायचं. टर्बिडिटी मीटर घ्यायचा, कंडक्टिव्हिटीला फॅट दिसत नाही. जुन्या सायलोचं इन्सुलेशन काढून त्यात पत्र्यावरचं पावसाचं पाणी घेता येईल का, गटाराचे उतार मोजून बघायचे.

दुपारी अण्णा आले होते. गवताला नवे कोंब फुटलेत म्हणाले. ६० हजारांचा मीटर पावसाळ्यात पण राहू द्या म्हणाले, पुढच्या वर्षी लागतोय. राहू दिला.